पेठेतला फिल्म महोत्सव: प्रोजेक्टरच्या आधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेठेतलं वाचनालय आणि तालीम (पेठेतल्या पोरांचं मंडळ) मिळून कोल्हापुरात जानेवारीत दोन दिवसांचा माहितीपट-लघुपट महोत्सव करायचा आहे. हॉल दोनशे खुर्च्यांचा आहे, एक संध्याकाळ चौकात उघड्यावर फिल्म दाखवायची आहे आणि हाताशी सव्वा लाख रुपये आहेत. तर प्रोजेक्टर कोणता घ्यावा आणि फिल्म कुठून मागवाव्यात?

या दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत, ती फार अवघड नाहीत. महोत्सव बसतो तो दुसऱ्याच गोष्टींवर: शनिवारी दुपारी साडेतीनला त्या दोनशेपैकी किती खुर्च्यांवर माणूस असेल, आणि चालू झालेली प्रत्येक फिल्म न अडखळता शेवटच्या नावापर्यंत जाईल का. प्रोजेक्टरपासून चहापर्यंत सगळे निर्णय याच दोन गोष्टींकडे बघून घ्या.

पहिला निर्णय संख्येचा. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच पन्नास फिल्म दाखवाव्याशा वाटतात, कारण पत्रकात तो आकडा छान दिसतो. प्रत्यक्षात शनिवारी सकाळी ११, दुपारी ३ आणि चौकात संध्याकाळी ७, रविवारी सकाळी ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ६ अशी सहा सत्रं होतात. एका सत्रात ७५ मिनिटं फिल्म, २५ मिनिटं बोलणं, २० मिनिटं ये-जा आणि चहा. म्हणजे पडद्यावरचा एकूण वेळ ४५० मिनिटं, साडेसात तास. त्यात ४०-५० मिनिटांचे चार माहितीपट धरले तर उरलेल्यात दहा-बारा लघुपट मावतात. पंधरा फिल्म, बस. बोलण्याची २५ मिनिटं कापून आणखी फिल्म कोंबायचा मोह होईल, पण फिल्म तर माणूस घरी मोबाइलवरही बघतो. तो हॉलमध्ये येतो ते त्या २५ मिनिटांसाठी.

तारखा ठरवताना कोल्हापूरचं कॅलेंडर समोर ठेवा. जून ते सप्टेंबर विषयच नको. नवरात्र-दसऱ्यात शहर अंबाबाईच्या दर्शनात आणि दसरा चौकात असतं. जानेवारी कोरडा आणि थंड, म्हणून चांगला, पण तो फुटबॉलच्या हंगामात येतो. ज्या दुपारी शाहू स्टेडियमवर तुमच्या पेठेच्या संघाचा सामना असेल त्या दुपारी हॉलमध्ये तालमीतलं एकही पोरगं दिसणार नाही, स्वयंसेवकसुद्धा नाही. सामन्यांचं वेळापत्रक बघून मगच दुपारचं सत्र पक्कं करा. ऊसपट्ट्यातल्या गावांतून माणसं यावीत असं वाटत असेल तर त्यांचं सत्र रविवारी सकाळी ठेवा. गळीत हंगामात ज्याची तोड आली तो शेतकरी कुठल्याच वेळेला मोकळा नसतो, हेही धरून चाला.

आता फिल्म मागवणं. साधा गूगल फॉर्म पुरतो. पहिल्या वर्षी फिल्मफ्रीवेसारख्या संकेतस्थळावर जाऊ नका. तिथून जगभरातल्या फिल्म येतात आणि तुमची निवड समिती त्यांच्याखाली गाडली जाते. हिशोब करून बघा: १२० फिल्म आल्या, सरासरी वीस मिनिटांच्या, तर ते चाळीस तास झाले. प्रत्येक फिल्म दोघांनी बघायची म्हणजे ऐंशी तास. समितीत सहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तेरा तासांहून थोडं जास्त, म्हणजे रोज एक तास धरला तर दोन आठवडे. म्हणून प्रवेशिका ३१ ऑक्टोबरला बंद, निवड नोव्हेंबरअखेर, अंतिम प्रती १५ डिसेंबरपर्यंत हाताशी. दिवाळीचे आठ दिवस या हिशोबातून वगळा, त्या दिवसांत कुणी काही बघत नाही.

फॉर्ममध्ये नाव, लांबी, भाषा, वर्ष आणि बघायची लिंक तर घ्याच. शिवाय तीन प्रश्न आवर्जून विचारा. फिल्मला सेन्सॉर प्रमाणपत्र आहे का? संगीताचे हक्क तुमच्याकडे आहेत का? आणि फिल्ममध्ये दिसणाऱ्या माणसांना ती कोल्हापुरात जाहीरपणे दाखवली जाणार हे माहीत आहे का? तिसऱ्या प्रश्नाकडे पुढे परत येतो. जुने माहितीपट हवे असतील तर फिल्म्स डिव्हिजनचा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा कारभार २०२२पासून एनएफडीसीकडे (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे) आहे, पत्र तिकडे पाठवायचं. यूट्यूबवर फुकट दिसतेय म्हणून डाउनलोड करून लावायची, हे मात्र नको. फुकट दिसणं वेगळं आणि जाहीर प्रदर्शनाची परवानगी वेगळी. एक ईमेल पाठवलात तर बहुतेक दिग्दर्शक आनंदाने हो म्हणतात.

प्रमाणपत्राचा मुद्दा लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि तिथेच अडकतात. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. लघुपटांकडे ते बहुधा नसतं. त्याच कायद्याच्या कलम ९ खाली केंद्र सरकार सूट देऊ शकतं आणि महोत्सव त्याच वाटेने जातात. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे फिल्मची यादी, प्रत्येकीचा गोषवारा आणि निवड समितीची माहिती देऊन अर्ज करायचा. अशा फिल्म नोंदणी केलेल्या प्रतिनिधींना दाखवायच्या असतात. म्हणून दारावर तिकीट न ठेवता आधी नोंदणी आणि गळ्यात कार्ड ही पद्धत ठेवा. चौकातल्या खेळाला नोंदणी कोण बघणार? म्हणून तिथे फक्त प्रमाणपत्र असलेल्या फिल्म लावा. यादी नोव्हेंबरअखेर पक्की करा म्हणतो ते याचसाठी: अर्जाला सहा आठवडे मिळतात.

प्रती मागवताना 'चांगल्या क्वालिटीत पाठवा' असं लिहू नका, नेमकं लिहा: एमपी४, एच.२६४, १९२० × १०८०, १५ ते २० एमबीपीएस (सेकंदाला किती डेटा त्याचं माप), आवाज स्टिरिओ ४८ किलोहर्ट्झ, सबटायटल फिल्मवरच उमटवलेली. मल्टिप्लेक्समध्ये दाखवणार नसाल तर डीसीपी (सिनेमागृहाच्या यंत्रणेसाठीची खास प्रत) मागवू नका, तुमच्या लॅपटॉपवर तिचा त्रासच जास्त होईल. सबटायटलची वेगळी फाइल घेतली की देवनागरीची जोडाक्षरं फुटण्याची भीती असते, म्हणून ती उमटवूनच हवीत. अर्ध्या तासाची फिल्म २० एमबीपीएसला साडेचार जीबीच्या आसपास जाते. जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह चार जीबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. 'पेनड्राइव्ह खराब आहे' ही तक्रार पुष्कळदा एवढ्यावरच असते. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, काम होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत घेऊ नका, ती दाबून बारीक केलेली असते.

प्रत आली की तपासायची, आणि नुसती उघडून पहिली दहा सेकंदं बघणं म्हणजे तपासणं नव्हे. हल्लीचे पुष्कळ लघुपट मोबाइलवर चित्रित होतात. मोबाइल सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाही. उजेड आणि तापमान यांप्रमाणे कधी ३०, कधी २७ असं खालीवर होतं. एडिटिंगच्या वेळी ते दुरुस्त केलं नसेल तर पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज बरोबर असतात, दहाव्या मिनिटाला किंचित सरकतात आणि विसाव्या मिनिटाला बाईचा आवाज थांबतो तरी तिचे ओठ हलतच राहतात. सुरुवात बघून हे कधीच सापडत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी समोर बघून बोलतंय असा तुकडा शोधा आणि त्याचे ओठ बघा. हेडफोन एकदा डाव्या, एकदा उजव्या कानाला लावून ऐका. संवाद एकाच बाजूला असतील तर हॉलच्या निम्म्या भागाला फिल्म मुकी वाटेल. दुरुस्त प्रत मागवायला दिग्दर्शकाला आठवडा द्या.

आता तुमचा प्रोजेक्टर. विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. १२ फूट रुंद पडदा धरू. १६:९ प्रमाणात त्याची उंची पावणेसात फूट, क्षेत्रफळ ८१ चौरस फूट. पूर्ण अंधारात सिनेमागृहाइतका उजेड हवा तर पडद्यावर साधारण १३०० ल्युमेन (उजेडाचं माप) पडावे लागतात. पण तुमच्या हॉलला खिडक्या असतील, दार सारखं उघडत असेल आणि भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा थकलेला असेल. म्हणून कागदावर ४५०० ते ५००० ल्युमेनचा मागा. खरी फसगत रिझोल्यूशनमध्ये होते. भाडेवाला 'फुल एचडी सपोर्ट करतो' म्हणेल आणि तो खोटं बोलत नसेल. सपोर्ट करणं म्हणजे सिग्नल घेणं, दाखवणं नव्हे. आतलं पॅनेल १०२४ × ७६८ चं निघालं तर तुमची फिल्म १०२४ × ५७६ मध्ये बसते, पाव उजेड वर-खालच्या काळ्या पट्ट्यांत जातो आणि सबटायटलची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. 'नेटिव्ह रिझोल्यूशन किती?' एवढंच विचारा. १९२० × १०८० किंवा १९२० × १२०० असेल तरच घ्या.

पडदा कुठे लावायचा याला निम्मं महत्त्व आहे. सपाट फरशीच्या हॉलमध्ये पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान साडेचार-पाच फुटांवर हवी. बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांच्या वर असतं आणि सबटायटल नेमकी तळाशी येतात. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहा पटीपेक्षा लांब नको, म्हणजे इथे चाळीस फुटांच्या आत. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून १८ फुटांवर येतो, म्हणजे प्रेक्षकांच्या मधोमध. तेवढ्या खुर्च्या आधीच काढून टाका. पडद्यासमोर सरळ ठेवा, तिरका ठेवून कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करणाऱ्या प्रोजेक्टरमधल्या सोयीने) चौकोन करू नका, चित्र भुरकट होतं. लॅपटॉप मागे ठेवायचा तर एचडीएमआय केबल लांब लागते. १५ मीटरची साधी तांब्याची केबल कधी चालते, कधी चित्र मिचकावते. ऑप्टिकल एचडीएमआय मागा आणि तिच्या टोकांवर काय छापलंय ते वाचा. लॅपटॉपचं टोक आणि प्रोजेक्टरचं टोक वेगळं असतं. उलटी लावली तर चित्र येतच नाही आणि सगळे प्रोजेक्टरला शिव्या घालत बसतात.

आवाजाच्या बाबतीत कोल्हापूरची अडचण उलटी आहे. इथे कमी आवाजाचा साउंडवाला शोधावा लागतो. विसर्जनाला उभी राहते ती स्पीकरची भिंत माहितीपटाला निरुपयोगी, कारण माहितीपट म्हणजे मुख्यतः बोलणं आणि घुमणाऱ्या हॉलमध्ये जास्त बेस आला की शब्द विरघळतात. दोन साधे टॉप (बेसच्या डब्यांशिवायचे स्पीकर) स्टँडवर, कानाच्या वर, प्रेक्षकांकडे किंचित झुकवलेले. बेसचे डबे आणूच नका, मिक्सरवर शंभर हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. लॅपटॉपमधून आवाज घेताना गुंsss असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. तो थांबला तर मध्ये डीआय बॉक्स (ही गुणगुण अडवणारी छोटी डबी) लावा, साउंडवाल्याकडे तो असतोच, फक्त मागावा लागतो. प्रत्येक फिल्मचा आवाज वेगळ्या पातळीवर केलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी हॉलमध्ये प्रत्येकीचं सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजाचं एकेक मिनिट वाजवा आणि फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) कुठे ठेवायचा तो आकडा यादीत फिल्मच्या नावापुढे लिहा.

लॅपटॉप कुणा एकाचाच असावा आणि महोत्सवापुरता त्याच्यावर दुसरं काही करू नये. वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद, स्लीप बंद, अपडेट आदल्या आठवड्यात उरकलेलं. डिस्प्ले 'डुप्लिकेट' नको, 'एक्स्टेंड' ठेवा, म्हणजे तुमची शोधाशोध लोकांना पडद्यावर दिसत नाही. फाइलच्या नावाआधी क्रमांक टाका: ०१, ०२, ०३. सगळ्या फाइल दुसऱ्या एका लॅपटॉपवरही हव्यात, तो बाजूला चालू ठेवा. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यूपीएसवर घ्या. जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटं तर भागतातच, शिवाय दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना झटक्यात बंद पडला की दिवा जाण्याची भीती असते.

चौकातला खेळ आकर्षक दिसतो पण कामं दुप्पट वाढवतो. बारा बाय सातचं कापड म्हणजे शिडच. वारा सुटला की पाठीमागचा सांगाडा ओढून घेतं, म्हणून चारही बाजूंनी दोऱ्या आणि पायांवर वजन. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, पुरेसा अंधार सातला होतो. चौकातला रस्त्याचा दिवा थेट पडद्यावर पडत असेल तर महापालिकेच्या विद्युत विभागाला आठवडाभर आधी पत्र द्या. ऐनवेळी गोणपाट बांधायला खांबावर कुणी चढू नये. रस्ता आणि मांडव यांसाठी महापालिका, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणं, विजेसाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणून नऊला संपेल असाच कार्यक्रम आखा. दव पडतं, प्रोजेक्टरवर छत हवंच.

आता तो तिसरा प्रश्न. माहितीपटात गावातली माणसं असतात आणि तुमचा महोत्सव त्याच भागात आहे. चामड्याच्या कारागिरावरची फिल्म मुंबईत दाखवली तर तो एक विषय असतो. कोल्हापुरात दाखवली तर तो तुमच्या शेजारच्या गल्लीतला माणूस असतो आणि त्याने सावकाराबद्दल कॅमेऱ्यासमोर जे सांगितलं ते तो सावकारही ऐकणार असतो. म्हणून स्थानिक माणसं असलेली प्रत्येक फिल्म त्यांना आधी, घरगुती बैठकीत दाखवा. दिग्दर्शकाकडे सही केलेलं संमतिपत्र असेल, तरीही. काहीजण एखादं वाक्य काढायला सांगतील. काढायचं की नाही हे त्यांचं आणि दिग्दर्शकाचं. ठरत नसेल तर फिल्म वगळा. पण बहुतेकदा होतं ते असं की ती माणसं स्वतःच विचारतात, 'कधी आहे? घरच्यांना घेऊन येतो.'

प्रेक्षक जमवण्याची माझी पद्धत इथूनच सुरू होते. सगळ्या शहरासाठी एक पोस्टर लावण्यापेक्षा प्रत्येक फिल्मसाठी तीस माणसांची वेगळी यादी करा. ऊसतोडीवरची फिल्म असेल तर मुकादम, कारखान्यातले कामगार आणि साखरशाळेतले शिक्षक. पुरावरची असेल तर पंचगंगेकाठच्या ज्या गल्ल्यांत २०१९ आणि २०२१ ला पाणी शिरलं तिथली घरं. या लोकांना पत्रिका हातात द्या आणि त्यांच्याच फिल्मची वेळ पेनाने खूण करून द्या. पंधरा फिल्मना तीस-तीस म्हणजे साडेचारशे माणसं, त्यातली तिसरा हिस्सा आली तरी कुठलंच सत्र ओस पडत नाही. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग आणि शहरातल्या कला महाविद्यालयांत जाऊन प्रत्यक्ष बोला. आपल्याकडे आधीपासून कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे. तिच्या लोकांशी तारखा आणि यादी दोन्हीबद्दल आधीच बोलून घ्या.

उद्घाटनाबद्दल कडू बोलतो. दीपप्रज्वलन, स्वागत, हारतुरे, सत्कार आणि मग 'बाबूराव पेंटरांनी इथे स्वतः कॅमेरा बनवला, १९२९ ला प्रभात इथेच सुरू झाली' असं प्रत्येक वक्त्याने नव्याने सांगायचं, यात सहज सव्वा तास जातो. पहिल्या सत्राच्या सगळ्या फिल्म इतकाच वेळ. पंधरा मिनिटं द्या, वक्ता एकच, आणि पाहुण्यांना निमंत्रणातच लिहून कळवा. पुढच्या दोन रांगांत सोफे टाकू नका. उद्घाटन झालं की ते रिकामे होतात आणि मागच्यांना पुढे यायचा संकोच वाटतो. ज्यांची फिल्म आहे त्यांना मधल्या रांगेत बसवा.

चर्चेला दोन फिरते माइक, एक घड्याळ आणि थांबवायची हिंमत असलेला सूत्रसंचालक एवढं पुरे. पहिला प्रश्न सूत्रसंचालकाने तयार ठेवावा, तोही छोटा. दुसऱ्या प्रश्नाला माइक फिल्ममधल्या माणसाकडे जाऊ दे. 'प्रश्न नाही, दोन शब्द बोलायचे आहेत' म्हणणाऱ्याला चहाच्या वेळचं आमंत्रण द्या.

पैसे. हॉल, भाडं, परवाने तुमच्या ओळखींवर ठरतील, त्यामुळे आकडे सांगत नाही, वाटणी सांगतो. सव्वा लाखातले साधारण ४५ हजार प्रोजेक्टर, पडदा, साउंड आणि वीज यांना. २५ हजार चौकाला, आणि ते जमत नसेल तर चौक पुढच्या वर्षी. २० हजार दिग्दर्शकांच्या प्रवासाला आणि मुक्कामाला, कारण दिग्दर्शक आला नाही तर चर्चा अर्धीच होते. १५ हजार चहा-नाश्त्याला, १० हजार छपाईला. उरलेले दहा हजार हातात ठेवा, शेवटच्या दिवशी लागतातच. बक्षिसांना पहिल्या वर्षी एक रुपयाही ठेवू नका. स्पर्धा आली की परीक्षक, रुसवे आणि समारोपाचा आणखी एक सव्वा तास येतो.

हॉलची लांबी-रुंदी, छताची उंची, किती खिडक्या आहेत आणि त्या कुठल्या दिशेला, एवढं इथे लिहा. दुपारी तीनच्या सत्राला पश्चिमेची खिडकी असेल तर वरचा ल्युमेनचा हिशोब बदलेल आणि काळं कापड किती मीटर आणायचं तेही सांगता येईल.